ॲपलला मिळालं ते मला का नाही?

फोंड्याहून एका ताईंनी विचारलं आहे. त्या फणसाच्या लाकडाचे मोबाइल स्टँड बनवतात. पाठीला आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना असतात तशी शिंपल्यांची तावदानं, आणि फोन टेकायला होडीच्या नाळेसारखी, म्हणजे तिच्या पुढच्या टोकासारखी, वळवलेली पुढची कड. दोन वर्षांत दोनशेहून जास्त स्टँड त्यांनी विकले, काही पणजीतल्या प्रदर्शनांत, काही इन्स्टाग्रामवरून. या पावसाळ्यात म्हापशाच्या एका दुकानात त्यांना हुबेहूब तोच स्टँड दिसला, प्लास्टिकचा आणि निम्म्या किमतीचा. त्या लिहितात: "ॲपलने सॅमसंगला फोनच्या गोल कोपऱ्यांसाठी कोर्टात खेचलं आणि अब्जावधी वसूल केले. माझी तर अख्खी वस्तूच उचलली आहे. तरी सगळे म्हणतात, विसरून जा. असं का?"

ताई, विसरू नका. पण ॲपलची गोष्ट तुमच्यापर्यंत जशी पोचली आहे तशी ती घडलेली नाही. ती नीट पाहिली तर तुमचं कुठे चुकलं आणि अजून हातात काय आहे, दोन्ही कळेल. पेटंट आणि डिझाइनच्या कामात मला पणजीत २२ वर्षं झाली. या काळात तुमच्यासारखीच वस्तू पिशवीत घालून माझ्याकडे आलेली माणसं बरीच आहेत, आणि त्यातली बहुतेक उशिरा आली. म्हणून हे जरा विस्ताराने लिहिते.

ॲपलने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या न्यायालयात एप्रिल २०११ मध्ये दावा लावला. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्युरीने, म्हणजे निवाडा द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या पंचांनी, १.०५ अब्ज डॉलर द्यावेत असा कौल दिला आणि तीच बातमी जगभर गेली. पुढचं मात्र फारसं कुणी वाचलं नाही. हिशेब चुकला म्हणून न्यायाधीश लूसी को यांनी त्यातले सुमारे ४५ कोटी डॉलर मार्च २०१३ मध्ये बाजूला काढले. तेवढ्या भागासाठी नवी ज्युरी बसली, तिने २९ कोटी सांगितले. २०१५ मध्ये अपिलात रक्कम आणखी उतरली आणि वर्षअखेरीस सॅमसंगने ५४.८ कोटी भरले. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डिझाइनच्या नुकसानभरपाईचा हिशेबच पुन्हा तपासायला सांगितला. मे २०१८ मध्ये तिसऱ्या ज्युरीने ५३.९ कोटी ठरवले, आणि जूनमध्ये दोघांनी तडजोड केली. म्हणजे सात वर्षं गेली आणि अब्जाचा आकडा कधी कुणाच्या हातात पडलाच नाही. या सगळ्या काळात सॅमसंग ॲपलला फोनचे सुटे भाग विकतच होती. भांडण कोर्टात, धंदा चालू. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता गोल कोपऱ्यांचं. 'गोल कोपरे असलेला आयत' यावर जगात कुणाचाही हक्क नाही. ॲपलकडे तीन वेगवेगळी नोंदलेली डिझाइन होती, म्हणजे वस्तूच्या दिसण्यावरचे सरकारदरबारी नोंदवलेले हक्क. एकात फोनचा फक्त पुढचा चेहरा: काळा, सपाट, काचेसारखा चकाकणारा पृष्ठभाग. दुसऱ्यात पुढच्या चेहऱ्याभोवतीची कड. तिसऱ्यात पडद्यावर जाळीत मांडलेली रंगीत चित्रं. या नोंदणीचे कागद पाहिलेत तर चेहरा अखंड रेषांत काढलेला आहे आणि फोनचं बाकीचं शरीर तुटक रेषांत. तुटक रेषेचा अर्थ, हे फक्त संदर्भासाठी दाखवलं आहे, यावर आमचा दावा नाही. आपला हक्क त्यांनी मुद्दाम अरुंद ठेवला, कारण हक्क जितका अरुंद तितकं समोरच्याला 'हे तर आधीपासून होतंच' म्हणणं अवघड. सॅमसंगने ते म्हणून पाहिलं. एलजीचा प्राडा फोन आयफोनच्या आधी, डिसेंबर २००६ मध्ये जाहीर झाला होता, तोही काळा आणि गोल कोपऱ्यांचाच. पण नेमक्या त्या रेषांशी तो जुळला नाही.

त्याच ॲपलला टॅब्लेटच्या बाबतीत काय मिळालं ते पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते उमगेल. ऑक्टोबर २०११ मधल्या सुनावणीत न्यायाधीश को यांनी दोन्ही कंपन्यांचे टॅब्लेट हातात उंच धरले आणि सॅमसंगच्या वकिलांना विचारलं, यातला तुमचा कुठला? एवढ्या अंतरावरून सांगता येणार नाही, असं उत्तर आलं. हे ऐकून कुणालाही वाटेल, संपली केस. पण पुढच्या वर्षी त्याच न्यायालयातल्या ज्युरीने फोनच्या बाबतीत ॲपलला कौल दिला आणि टॅब्लेटचं डिझाइन उचललेलं नाही असं सांगितलं. लंडनमध्ये जुलै २०१२ मध्ये न्यायमूर्ती कॉलिन बर्स यांनी ॲपलच्या आधीचे पन्नासेक नमुने समोर ठेवून निकाल दिला. पातळ चौकोनी पाटीसारख्या वस्तू इतक्या आहेत, की जाणकार वापरणारा समोरच्या बाजूवर थांबत नाही, तो जाडी आणि पाठ पाहतो. तिथे सॅमसंग वेगळा आहे, आणि ॲपलइतका 'कूल' नाही, असं त्यांनी लिहिलं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला मात्र २०११ मध्ये गॅलेक्सी टॅब १०.१ वर बंदी आली. सॅमसंगने कड बदलली, स्पीकर पुढच्या बाजूला आणले, नावात एक अक्षर वाढवून १०.१एन केलं, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने त्या नव्या मॉडेलवर बंदी घालायला नकार दिला.

तेव्हा नुसतं सारखं दिसणं पुरत नाही. हक्क कुठल्या रेषांवर आहे आणि त्या रेषा आधी कुणी काढल्या होत्या का, हे दोन प्रश्न सुटले तरच साम्याला अर्थ येतो. तुमच्या स्टँडला हे लावून पाहू.

शिंपल्यांची तावदानं तुमची नाहीत, ताई. ती आपल्या सगळ्यांची आहेत, पिढ्यान् पिढ्या. लाकडी चौकटीत चौकोनी शिंपले बसवणं हा इथल्या सुतारांचा वारसा आहे आणि त्यावर कुणी एकट्याने हक्क सांगावा असं मला वाटतही नाही. तुमची म्हणावी अशी गोष्ट आहे ती नाळेसारखी कड, आणि ती कड व जाळी एकमेकींना जिथे भेटतात ती ठेवण. तुम्ही पाठवलेला फोटो मी बराच वेळ पाहत होते. ते वळण सुंदर आहे आणि मला ते दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. म्हापशाच्या दुकानातल्या स्टँडमध्येही उचललं आहे ते तेच. शिंपल्यांच्या जागी नुसतं छापील चित्र आहे.

मग दावा का नाही? कारण ते वळण तुम्ही नोंदवलं नव्हतं, आणि आता जसंच्या तसं नोंदवता येणार नाही. आपल्या डिझाइन कायदा, २००० मधलं कलम ४ सांगतं की अर्जाच्या तारखेआधी डिझाइन भारतात किंवा जगात कुठेही छापून, वापरून किंवा इतर मार्गाने लोकांपुढे आलेलं असेल तर नोंदणी नाही. तुमच्या इन्स्टाग्रामवरचा पहिला फोटो, प्रदर्शनातला पहिला टेबल, पहिली विक्री, यातली कुठलीही एक गोष्ट त्याला पुरेशी आहे. अमेरिकेत स्वतःच उघड केलेल्या डिझाइनला एक वर्षाची सवलत मिळते. आपल्याकडे तशी सरसकट सवलत नाही. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासाठी थोडी मुभा आहे, पण तीही आधी कळवून आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज केला तरच.

तुम्ही लिहिलंय की एका सल्लागाराने सुचवलं, आता अर्ज करून टाका, तारखांबद्दल बोलू नका, कोलकात्याला काय कळणार? हे अजिबात करू नका. डिझाइनचे अर्ज कोलकात्याच्या कार्यालयात तपासले जातात, आणि समजा तिथून नोंदणी निघालीही, तरी कलम १९ खाली ती रद्द करून घ्यायला हितसंबंध असलेला कुणीही अर्ज करू शकतो. दाव्यात प्रतिवादीने तोच बचाव घेतला की प्रकरण जिल्हा न्यायालयातून उच्च न्यायालयात जातं, म्हणजे आपल्याकडे पर्वरीच्या खंडपीठापुढे. म्हापशाच्या दुकानदाराला तुमच्याच जुन्या पोस्टची एक छायाप्रत दाखवावी लागेल, एवढंच. माझा स्वतःचा एक अशील असाच हरला. त्याने काही लपवलं नव्हतं. अर्जाच्या अकरा दिवस आधी त्याच्याच छापखान्यातून माहितीपत्रक बाहेर गेलं होतं आणि ते त्यालाही आठवत नव्हतं. समोरच्या वकिलाने ते पत्रक काढून ठेवलं तेव्हा त्या माणसाचा जो चेहरा झाला, तो मला अजून दिसतो. तेव्हापासून मी पहिल्या भेटीत पहिला प्रश्न हाच विचारते: हे आजवर कुणाकुणाला दाखवलंय?

तुमचा दुसरा प्रश्न कॉपीराइटचा होता: 'मी काढलेलं चित्र आहे ना, मग ते माझंच.' कागदावरचं चित्र तुमचं आहे, खरं. पण कॉपीराइट कायद्याचं कलम १५ म्हणतं की जे डिझाइन नोंदवता आलं असतं आणि नोंदवलं नाही, त्यावरून वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासाहून जास्त वेळा बनली की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. हाताने बनवते म्हणून मी यातून सुटेन असं धरून चालू नका. डिझाइन कायद्याच्या व्याख्येत हातानं, यंत्रानं, रसायनानं, सगळं येतं. तुम्ही दोनशे पार केलेत. चित्र नेमकं कलाकृती कुठे असतं आणि डिझाइन कुठे होतं, यावर एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या खटल्यात कसोटी घालून दिली आहे: आधी पाहायचं की ते निव्वळ कलाकृती आहे की औद्योगिक पद्धतीने वस्तूवर उतरवलेलं डिझाइन, आणि शंका राहिली तर वस्तूत उपयोग प्रधान आहे की सौंदर्य. फोन उभा ठेवायला बनवलेल्या वस्तूसाठी ही कसोटी अनुकूल नाही.

याच्या उलटं उदाहरण आपल्या घरचंच आहे. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं तुम्हाला मोबाइलच्या कव्हरवर छापायची असतील तर तिथे डिझाइन नोंदणीचा प्रश्नच येत नाही. ते चित्र कलाकृती म्हणून जन्मलं, कव्हरवर आलं म्हणून ते कव्हरचं डिझाइन होत नाही. मारिओ डिसेंबर २०११ मध्ये गेले, आणि कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे २०७१ संपेपर्यंत परवानगी घेतल्याशिवाय ती चित्रं छापता येणार नाहीत. वस्तूचा आकार आणि वस्तूवरचं चित्र यांचे कायदे वेगळे. मोबाइलच्या सामानात काम करणाऱ्या पोरापोरींचा सर्वात जास्त घोटाळा इथे होतो.

तिसरी वाट म्हणजे 'त्याने माझा माल म्हणून त्याचा माल खपवला' असा दावा. त्यासाठी नोंदणी लागत नाही. पण आकार पाहताच गिऱ्हाईक म्हणायला हवं, हा फोंड्याच्या अमुक ताईंचा. दोनशे नगांवर ते सिद्ध करणं जवळजवळ अशक्य आहे. ॲपलनेही हा मुद्दा घेतला होता, आयफोनचं रूप हीच आमची ओळख म्हणून. ज्युरीने मानलं, पण २०१५ मध्ये अपिलात तो भाग साफ उडाला; ते रूप सोयीसाठी, वापरासाठी आहे, त्यावर असा कायमचा हक्क देता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. जगभर जाहिरात केलेल्या आयफोनला जे टिकवता आलं नाही त्यावर तुम्ही पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांचंही सांगते, कारण अमेरिकेतले आकडे वाचून इथे मोठी अपेक्षा तयार होते. तिथे डिझाइन उचलणाऱ्याकडून त्या वस्तूवरचा संपूर्ण नफा काढून घेता येतो. हा नियम फोनमुळे आलेला नाही, गालिच्यांमुळे आला आहे. १८८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गालिच्याच्या नक्षीची चोरी मान्य केली, पण नफ्यातला किती वाटा नक्षीमुळे आला हे दाखवता न आल्यामुळे मालकाला फक्त सहा सेंट दिले. गालिचेवाले खवळले आणि १८८७ मध्ये कायदा बदलला. गालिच्यात नक्षी हीच वस्तू, म्हणून तिथे ते शोभलं. फोनमध्ये मात्र हजारो सुटे भाग आणि पेटंट असतात. एका कडेसाठी अख्ख्या फोनचा नफा का द्यायचा? २०१६ च्या निकालाचा गाभा हाच होता: 'वस्तू' म्हणजे दरवेळी विकली जाणारी पूर्ण वस्तूच असं नाही, तिचा एखादा भागही असू शकतो.

आपल्याकडे कलम २२ खाली 'कपटपूर्ण किंवा उघड नक्कल' झाली तर प्रत्येक उल्लंघनाला जास्तीत जास्त २५,००० रुपये, आणि एका डिझाइनसाठी एकूण ५०,००० ही मर्यादा. याऐवजी नुकसानभरपाईचा आणि मनाईचा दावा लावता येतो, आणि खरं बळ मनाई हुकुमातच आहे. गणपतीच्या किंवा नाताळच्या आधी दुकानातला माल थांबला तर समोरचा आपणहून बोलायला येतो. पण तोही नोंदणी असेल तरच. ५०,००० ची ही मर्यादा मला फार तोकडी वाटते, आणि कायदा बदलला जावा असं मी मिळेल त्या व्यासपीठावर बोलत आले आहे.

तर आता काय करायचं?

आधी ती फेसबुक पोस्ट काढा, ज्यात तुम्ही दुकानाचं नाव घेऊन 'चोर' लिहिलंय. तुमचा राग मला कळतो. पण आज तुमच्याकडे नोंदलेला हक्क नाही, आणि अब्रुनुकसानीची नोटीस तुमच्याच दारात येऊ शकते. लंडनमध्ये हरल्यावर ॲपलला स्वतःच्या वेबसाइटवर आणि वर्तमानपत्रांत छापावं लागलं होतं की सॅमसंगने आमच्या नोंदलेल्या डिझाइनचं उल्लंघन केलेलं नाही. त्यांनी ते आडवळणाने छापलं, तर न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये पुन्हा सरळ छापायला लावलं.

मग त्या दुकानदाराकडे जा, भांडायला नाही. तो माल कुठून येतो एवढं विचारा. बहुतेक वेळा दुकानदाराला स्वतःलाच माहीत नसतं की तो नक्कल विकतोय. मूळ बनवणारा सापडला तर त्याला सांगा की लाकडाचा अस्सल माल मी देते, तुझ्या प्लास्टिकच्या मालावर माझं नाव आणि थोडा वाटा ठेव. हे भाबडं वाटेल, पण मोठेही असंच करतात. २०१२ मध्ये आयपॅडवरच्या घड्याळाचा चेहरा स्विस रेल्वेच्या स्थानकांवरच्या घड्याळासारखा निघाला. हान्स हिल्फिकर यांनी ते १९४४ मध्ये केलेलं. रेल्वेने हरकत घेतली, काही आठवड्यांत परवान्याचा करार झाला, कोर्टाची पायरी कुणी चढलं नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं, नवा स्टँड. तुम्ही लिहिलंय की पुढचा नमुना तयार आहे, दोन फोनांचा, घडी होणारा. तो अजून कुणाला दाखवला नसेल तर तो वाचला. फक्त एक जपायला हवं: तुमचा जुना स्टँड आता 'आधीपासून माहीत असलेल्या' नमुन्यांत जमा आहे. नवा त्याच्यापासून डोळ्याला ठळकपणे वेगळा दिसला पाहिजे, तेच वळण थोडं मोठं करून चालणार नाही. घडीची बिजागरी कशी चालते ते डिझाइनमध्ये येत नाही. ती यंत्ररचना, तिचा विचार झालाच तर पेटंटखाली. डिझाइन म्हणजे डोळ्याला जे दिसतं तेवढंच.

समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरका, असे स्वच्छ पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटो काढा. फोटोत फोन ठेवू नका, माप लिहू नका, तुमचं चिन्ह दिसू देऊ नका. आपल्याकडे हक्क कशावर हे तुटक रेषांपेक्षा सोबतच्या नवेपणाच्या निवेदनातून सांगितलं जातं, आणि तिथला एकेक शब्द महत्त्वाचा असतो. त्यात शिंपल्यांची जाळी आपण मुळीच आणणार नाही. एका व्यक्तीसाठी सरकारी शुल्क १,००० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षांची, पुढे पाच वाढवता येतात. अर्ज ऑनलाइन होतो, कोलकात्याला जावं लागत नाही.

साचा करायला कुणाकडे देणार असाल तर आधी गुप्ततेचा साधा एक पानी करार त्याच्याकडून सही करून घ्या. विश्वासात घेऊन दाखवलेलं डिझाइन त्याने फोडलं तरी कलम १६ मुळे तुमची नोंदणी मारली जात नाही, पण ते विश्वासात दाखवलं होतं हे दाखवायला कागद हवा. रेखाटनं तारीख घालून ठेवा. सॅमसंगला सर्वात जास्त नडला तो तिच्याच घरातला १३२ पानी अहवाल. मार्च २०१० मधला, आपला फोन आणि आयफोन शेजारी शेजारी ठेवून १२६ ठिकाणी काय बदलायचं ते लिहिलेला. उद्या तुमची केस उभी राहिली तर असेच कागद बोलतील, तुमचे आणि त्यांचेही.

पुढच्या आठवड्यात पणजीला येणार आहात असं लिहिलंय. येताना दोन्ही स्टँड आणा, जुना आणि नवा, म्हापशात घेतलेला प्लास्टिकचाही आणा, त्याची पावती असेल तर तीही. नव्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवरसुद्धा पाठवू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन या.